राणीचा पहिला अंक

शुक्रवारची दुपार. कुवेतमध्ये, सालमियातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मराठी मंडळाने देवगिरी उभी केली होती. किल्ला अम्गऱ्याच्या भंगार यार्डातून आणलेल्या प्लायवूडचा, मूर्तिकार बँकेत नोकरीला, पण थाट काय विचारता! पेठेत महानुभाव आणि जैन यांचा वाद रंगलेला, देवळात पखवाज, दरबारात खजिना सैन्याला द्यायचा की शिल्पकारांना यावर भांडण. आणि या साऱ्यांवर मात करणारी राणी होती लता.

लता इस्पितळात नर्स. नवरा गेल्यापासून ती लहान लेकीला घेऊन थोरल्या दिरांच्या, हरिश्चंद्रांच्या घरी राहत होती. तिची रात्रपाळी असली की मुलीला जाऊबाई राजश्री सांभाळायच्या. ती सोय होती म्हणून नोकरी होती. हे लताला ठाऊक होतं, तसं घरातल्यांनाही.

चहा झाल्यावर राजश्रीने तिला विंगेत गाठलं.

"लता, राग मानू नकोस हं. पहिल्या अंकात राणी देवीपुढे दिवा लावते, मग खाली उतरून प्रेक्षकांतल्या सवाष्णींना हळदीकुंकू देते. ते खरंच द्यायचंय ना, म्हणून बायका कुरकुरताहेत. तेवढा अंक मी करते. पुढे राजा लढाईत पडतो, तिथून तू. तुला वेगळं काही करावंही लागणार नाही."

आणि हे अगदी मायेने बरं का! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

"वहिनी, तालमीत तो दिवा रोज मीच लावते," लता म्हणाली.

"तालीम वेगळी गं."

तेवढ्यात हरिश्चंद्र आले. मंडळाचे अध्यक्ष तेच, नाटकातले राजेही तेच. "वाद नको, लता. देश सोडला म्हणून रीत सोडायची का?"

लताने आजूबाजूला पाहिलं. एक डॉक्टर, एक शिक्षिका, एक लॅब टेक्निशियन, सगळ्या शिकल्यासवरलेल्या. पण नऊवारीच्या निऱ्यांतून कोणाचीही मान वर निघेना. तिला रडू येत होतं. उद्या रात्रपाळी होती. घ्यावं सोसून, असं तिने जवळजवळ ठरवलंच.

इतक्यात लेक आली. दासीच्या वेशात, हातात हळदीकुंकवाचं ताट. ताट कलंडेल म्हणून लताने ते धरायला हात पुढे केला, तशी पोर झटकन मागे सरकली.

"मम्मा, धिस वन यू डोन्ट टच. काकूने सांगितलंय."

पोरीच्या आवाजात काही वाईट नव्हतं. शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं ती म्हणाली. लता दिरांकडे वळली.

"मी दोन्ही अंक करीन," ती दिरांना म्हणाली. "नाहीतर एकही नाही."

"मग पोरीची सोयही तुझी तूच बघ."

"बघते."

तिने लेकीच्या हातातलं ताट काढून घेतलं, टेबलावर ठेवलं, आणि बाहेर येऊन तबस्सुमला फोन लावला. तबस्सुम तिच्याच वॉर्डातली नर्स, रत्नागिरीकडची. ऐकून ती एवढंच म्हणाली, "घेऊन ये गो तिला. माझ्या पोरांत आणखी एक. आणि तूही ये, रडत एकटी बसू नको."

नाटक झालं. राजश्रीने दोन्ही अंक केले, टाळ्याही पडल्या. हळदीकुंकवाला बायकांनी हौसेने कपाळं पुढे केली. त्यांतल्या कितीतरी जणी नवऱ्यांच्या मागे उरणार आहेत, हे त्यांना कोणी सांगायला नको. ती पाळी आली की त्यांच्यासाठी कोणी तोंड उघडावं, असं त्यांना वाटेल का? आणि ते कोणाला म्हणायला त्यांना तोंड उरेल?