शनिवारचा म्हातारा

पितेल जे बोलला ते भर बैठकीत बोलला, कॅमेऱ्यासमोर बोलला आणि हसत हसत बोलला. शाळेचं छप्पर गळत होतं, दुरुस्तीला पैसे नव्हते, आणि संगीत शिकवणारी माल्विना उभी राहून विचारत होती की येत्या हिवाळ्यात पोरांनी वर्गात छत्र्या उघडून बसायचं का. आमचे नगराध्यक्ष रिशार्द पितेल खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, "बाई, तिजोरीत खडखडाट आहे. आता एकच उपाय उरलाय. आपल्या ज्यूला शनिवारी उलटा टांगायचा आणि गदागदा हलवायचा. एवढं खाऊन बसलेत हे लोक आपलं, काहीतरी पडेलच की खाली."

बाकीचे सगळे नगरसेवक हसले. मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

ग्राबोविस्कोत हा विनोद कुणाला समजवावा लागत नाही. बेकरीत, औषधाच्या दुकानात, लोकांच्या घरी दाराजवळ तो फोटोच्या रूपात टांगलेला असतोच: काळी टोपी घातलेला, दाढीवाला म्हातारा ज्यू, हातात नाणं, समोर पैशांची थैली. त्याच्यामुळे बरकत येते म्हणतात. शनिवारी फोटो उलटा करायचा, म्हणजे त्याने आठवडाभर गोळा केलेला पैसा आपल्या घरात पडतो. खरे ज्यू या गावात कधीकाळी अर्ध्या बाजारात होते. आता एक नाही. फोटो मात्र घरोघरी.

माझ्याही दुकानात होता. कबरस्तानाच्या फाटकाशी माझं फुलांचं आणि कबरीवर लावायच्या दिव्यांचं दुकान आहे. ते उघडलं त्या दिवशी पितेलच्याच आईने तो फोटो भेट दिला होता. माझी आई तेव्हा होती. तिने तो निमूटपणे गल्ल्यामागच्या खिळ्यावर लावला. पण शनिवार आला की ती स्टुलावर चढायची, त्याला खाली काढायची आणि रिबिनींच्या फळीवर पाठीवर आडवा ठेवायची. "उलटा करायचा असतो मावशी," गिऱ्हाईकं म्हणायची. आई म्हणायची, "आडव्यानेही भागतं." मला वाटायचं, तिच्या म्हाताऱ्या हाताला खिळा सापडत नसेल.

इस्पितळात, शेवटच्या आठवड्यात, तिने माझं मनगट धरलं. "मी ऑर्गनवाल्याची पोर नाही," म्हणाली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या माझ्या आजोबांनी तिला महायुद्धात एका ज्यू शिंप्याच्या रिकाम्या घरातून उचलून आणलं होतं. शिंपी, त्याची बायको, बाकीची मुलं, कुणी परत आलं नाही. "कुणाला सांगू नकोस. बाकी काही होणार नाही. लोक फक्त बघत राहतील." मी एकट्या नवऱ्याला सांगितलं, झेनोनला. त्यालाही रडत रडत. त्यानंतर दर शनिवारी मी त्या म्हाताऱ्याला आडवा ठेवू लागले. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार; त्या दिवशी निदान पाठ तरी टेकू दे.

तर पितेलच्या बोलण्यावर माल्विनाने रीतसर तक्रार केली. आणि नगराध्यक्षाविरुद्धची तक्रार जिच्यापुढे येते त्या तक्रार समितीची अध्यक्ष कोण? मी. आजवर आमच्यापुढे तुंबलेली गटारं आली, भुंकणारी कुत्री आली. मला ते पद दिलं तेव्हा सगळ्यांनी एकमुखाने दिलं. मला वाटलं, मी शांत स्वभावाची म्हणून.

पितेलने लेखी उत्तर पाठवलं. "अपमान व्हायला अपमान झालेला माणूस लागतो. ग्राबोविस्कोत एकही ज्यू राहत नाही. एक तरी दाखवा, मी त्याची जाहीर माफी मागतो." खाली सही, शिक्का. मी कागदाची घडी घातली आणि तो घरी नेला.

झेनोन स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. तो नगरपालिकेची बर्फ काढायची गाडी चालवतो, पेन्शन तोंडावर आलेली. म्हणाला, "तक्रार फेटाळून टाक. सुटशील."

"आणि आईला काय सांगू?"

"आई गेली, रेजिना. मी आहे अजून." त्याने साल एका फटक्यात बादलीत टाकली. "बरं, फेटाळू नकोस. आजारी पड. बाकीचे काय ते बघतील."

"आणि तू काय सांगशील, मला काय झालंय म्हणून?"

"बायकांचं काहीतरी. कुणी विचारत नाही पुढे."

मला हसू आलं आणि त्याचा रागही आला. माणूस वाईट नाही हो. घाबरलेला आहे, आणि घाबरायला मीच त्याला शिकवलंय.

दुसऱ्या दिवशी माल्विना दुकानात आली. शेवंती घ्यायच्या निमित्ताने. तरुण पोर, तोंडाने फटकळ. "मावशी, सगळं तुमच्यावर आहे. समितीत दोघं त्यांचे, दोघं काठावरचे. तुम्ही ठाम राहिलात तरच..." तेवढ्यात तिची नजर गल्ल्यामागे गेली. "वा. म्हणजे तक्रार ऐकणार तुम्ही, आणि ज्यूला खिळ्यावर लटकवून धंदाही करणार तुम्हीच."

"तो माझ्या आईने लावलाय."

"सगळ्यांचे आईनेच लावलेले असतात," ती म्हणाली. शेवंती तिथेच टाकून निघून गेली.

मी काय सांगणार होते तिला? खरं सांगितलं तर गाव बघणार. नाही सांगितलं तर मी पण पितेलच. संध्याकाळपर्यंत मी चार गिऱ्हाइकांना चुकीचे दिवे दिले.

आणि मग पितेल स्वतः आला. घरी, दुपारच्या कॉफीला, हातात चीजकेकचा डबा. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. शाळेत तो माझ्या मागच्या वर्गात होता, त्यामुळे अजून ताई म्हणतो.

"रेजिनाताई, मी माफी मागायला आलोय."

"समितीपुढे मागा की. माझी कशाला?"

"तुमचीच ना." त्याने माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "आता आपल्यात काय लपवायचं? तुमच्या आई कोण होत्या ते कुणाला ठाऊक नाही गावात?"

झेनोनने हातातला कप खाली ठेवला.

"सगळ्यांना ठाऊक आहे," पितेल म्हणाला. "पहिल्यापासून. ऑर्गनवाल्याच्या घरात काळ्याभोर डोळ्यांची पोर कुठून येणार? आणि कधी, ताई, कधी तरी कुणी तुम्हाला एका शब्दाने बोललं? उलट माझी आई, तिने तो फोटो मुद्दाम तुमच्या दुकानाला दिला. म्हणाली, हिच्या हाताला जास्त लाभेल. अस्सल आहे."

मला लाज वाटली. का मला वाटावी, सांगा. पण वाटली, आणि तिच्यामागून असा संताप आला की मी हात टेबलाखाली घेतले. आईने एवढा जन्म दारंखिडक्या लावून काढला आणि या घराला भिंतीच नव्हत्या. तिच्या शनिवारी सगळे बघत होते. आडव्यानेही भागतं म्हणायची तेव्हा मनात हसत होते.

"मग आता कसं करायचं," पितेल केक कापता कापता म्हणाला. "सोपं आहे. मी समितीपुढे तुमची माफी मागतो, तुम्ही मोठ्या मनाने माफ करता, आपला दोघांचा एक फोटो पेपरात देतो, विषय मिटला. नाही केलंत, तर मात्र नियम आड येतो. दुखावलेल्या तुम्ही आणि न्याय करणाऱ्याही तुम्ही, हे कसं चालेल? खुर्ची सोडावी लागेल. आणि दुखावलेल्याच नसाल, तर तक्रारच उरत नाही." त्याने पहिला तुकडा झेनोनच्या बशीत ठेवला. "घ्या झेनोनराव. यंदा बर्फ फार पडणार म्हणतात. गाडीवर जुना माणूस हवा."

तो गेल्यावर झेनोनने तो तुकडा खाल्ला नाही. फेकलाही नाही.

समितीच्या बैठकीला खुर्च्या कमी पडल्या. एरवी कुत्रं येत नाही. मी तक्रार वाचायला घेतली, दोन ओळी झाल्या आणि पितेल उठला. कोटाला नीट इस्त्री, हातात पांढरे गुलाब, शेजारच्या गावातून आणलेले. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

"अध्यक्षबाई, मधे बोलतो, माफ करा. माझ्या तोंडून गेलेल्या शब्दांनी आपल्या गावातली एक व्यक्ती दुखावली आहे. आपली रेजिनाताई. मी सर्वांसमोर त्यांची माफी मागतो." आणि तो हात पुढे करून माझ्यापर्यंत आला.

टाळ्या पडल्या. मी लोकांकडे पाहिलं. बेकरीवाला, औषधवाली, माझी शेजारीण स्तेफान्या. एकाच्याही भुवया वर गेल्या नाहीत. एकट्या माल्विनाचं तोंड उघडं राहिलं होतं. ती बाहेरगावची.

उपाध्यक्ष बोरोवेच, जुना पोस्टमास्तर, खाकरला. "नियमाप्रमाणे, रेजिनाबाई... आता तुम्ही पक्षकार झालात. खुर्ची सोडावी लागेल."

पितेलने मान तिरकी केली, जणू त्यालाच माझं वाईट वाटत होतं. मी उठले. गुलाब घेतले नाहीत, हातही घेतला नाही. खाली जाऊन तक्रारदारांच्या बाकावर माल्विनाशेजारी बसले. तिने माझा दंड घट्ट धरला आणि मला तेही नको होतं.

"बोरोवेचसाहेब," मी बसल्या बसल्याच म्हटलं, "पक्षकार म्हणून मला बोलता येतं ना?"

"येतं."

"नगराध्यक्षांचं लेखी उत्तर वाचा. कुणी दुखावलंच नाही, असं म्हणतात. आता तोंडी म्हणतात, दुखावलंय, आणि त्यांच्याच शब्दांनी. दोन्हीपैकी कुठलं खरं, तेवढं लिहून घ्या."

बोरोवेचने चष्मा लावला. या माणसाने आयुष्यभर तिकिटाचा शिक्का वाकडा पडू दिलेला नाही. त्याने कागद वाचला, पितेलकडे पाहिलं, परत कागद वाचला. "साहेब, हे जुळत नाही."

"अहो, मी माफी मागितली ना," पितेल म्हणाला.

"मागितलीत," मी म्हटलं. "मी दिली नाही."

टाळ्या वाजवणारे हात मांडीवर गेले. कुणीतरी मागे हळूच म्हणालं, "बघा, शेवटी रक्त बोलतं." ते मी ऐकलं. आजवर मला कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं; हा तो पहिला शब्द.

मतदान झालं. समितीत आता चौघंच, त्यात दोघं पितेलचे; बरोबरी झाली की खुर्चीवरच्याचं मत दुप्पट धरतात. बोरोवेचने सर्वांत शेवटी हात वर केला, कपाळाला आठ्या घालून, आणि तक्रार खरी ठरली. पुढच्या महिन्यात पूर्ण सभेत पितेलवरचा निषेधाचा ठराव वाचला गेला आणि मंजूर झाला. तो कॅमेऱ्यासमोर उभा राहून ऐकत होता, लालबुंद होऊन. माल्विना बाहेर येऊन माझ्या गळ्यात पडली. झेनोनची गाडी काढून घेतली. आता तो कबरस्तानातल्या कचरापेट्या उचलतो. दुपारी दुकानात येऊन बसतो, चहा पितो. तक्रार करत नाही. "जवळ पडतं," म्हणतो.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

ठरावानंतरच्या शनिवारी मी म्हाताऱ्याला खाली काढत होते तेवढ्यात स्तेफान्या आली. बाई खरंच चांगली आहे, माझ्या आईच्या आजारपणात सूप आणून द्यायची. दिवा घेतला, पैसे दिले आणि गल्ल्यावर वाकली. "रेजिना, आता सगळं उघडच आहे म्हणून विचारते हं. तुम्हा लोकांचा नक्की नियम काय? उलटा शुक्रवारी संध्याकाळी करायचा की शनिवारी सकाळी? माझ्या सुनेचं आणि माझं रोज वाजतं त्यावरून."

मी फोटो हातात धरून उभी. तिच्या चेहऱ्यावर एवढंसुद्धा कपट नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं, आणि ओरडायला समोर कुणी नव्हतं.

"उलटा नाही करायचा," मी म्हटलं. "शनिवारी त्याचा आरामाचा दिवस. त्याला आडवा करायचा. झोपू द्यायचं."

"आडवा?" ती विचारात पडली. "तुझी आई करायची तसा?"

"तसा."

मग मी तो म्हातारा कागदात गुंडाळला आणि घरी नेला. आईच्या कपाटात ठेवला, तिच्या शालीखाली. परत लावला नाही.

पुढच्या शनिवारी बेकरीत गेले तर तिथला म्हातारा पावांच्या फळीवर आडवा. औषधाच्या दुकानात आडवा. "ऑर्गनवाल्याची मुलगी असंच करायची ना," औषधवाली मला कौतुकाने म्हणाली, "म्हणूनच तुमचं दुकान चालतं. आम्ही इतकी वर्षं उगाच उलटा करत बसलो." पितेलच्या कचेरीतलाही आडवा ठेवलाय म्हणे, टेबलावर, स्वतःच्या हाताने.

माझ्या दुकानात आता नुसता खिळा आहे. गिऱ्हाईकं जाता जाता त्याला हात लावून जातात.