अर्धा ओटा

हिंगणघाटची जुनी गुजरी, म्हणजे भाजीबाजार, बंद झाली तेव्हा वच्छलाबाई अडुसष्ट वर्षांच्या होत्या. इंग्रजांच्या काळचा तो दगडी, उंच टिनाच्या छपराचा हॉल. तिथं आधी त्यांच्या सासूनं भाजी विकली, मग त्यांनी. शेजारच्या ओट्यावर कौशल्याबाई सांबार, म्हणजे कोथिंबीर, मिरच्या आणि लिंबं घेऊन बसायच्या. गिऱ्हाईक इकडून वांगी घ्यायचं आणि दोन पावलं सरकून तिकडून सांबार. दोघींत मात्र नऊ वर्षं अबोला. वच्छलाबाईंनी भाजीवर मारलेलं पाणी मिरच्यांवर उडालं, शब्दानं शब्द वाढला, आणि तेव्हापासून तोंड बंद.

हॉल धोक्याचा ठरला. नव्या दुमजली इमारतीतले ओटे चिठ्ठ्या टाकून वाटले. वच्छलाबाईंना खालचा, दाराजवळचा मिळाला. कौशल्याबाईंना वरचा. त्यांचे दोन्ही गुडघे कधीचेच गेलेले. चार दिवस कठडा धरून धरून त्या चढल्या, पाचव्या दिवशी आल्याच नाहीत.

मग सुरू झालं. जो येई तो विचारी, "ते सांबारवाली बाई कुठी गेली?"

"घरी हाय," वच्छलाबाई सांगायच्या. दिवसातून वीसदा.

रिटायर झालेले नानाजी मास्तर वांगी निवडता निवडता म्हणाले, "मायचं बोट धरून येत होतो मी त्या हॉलमधी. काय थंडगार लागे आत. आता कुलूप पाहून कसंसंच होते."

"होते न," वच्छलाबाई म्हणाल्या आणि तराजू उचलला. त्यांची कंबर सकाळपासून भरून आली होती.

सून दिपाली म्हणाली, "आई, तुम्हीच ठेवा न सांबार."

त्यांनी एक दिवस ठेवला. सगळा खपला. पण प्रत्येक जुडी देताना कोणाच्या तरी ताटातलं उचलून दिल्यासारखं वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या उन्हातून कौशल्याबाईंच्या घरी गेल्या.

कौशल्याबाई बाजेवर पडल्या होत्या. उठल्या नाहीत.

"उद्यापासून माह्या ओट्यावर बसजो," वच्छलाबाई दारातूनच म्हणाल्या. "अर्धा तुहा."

"काऊन?"

"लोकं विचारून राह्यले. मी सांगू सांगू थकली."

कौशल्याबाईंनी बाजेवरूनच कोपऱ्यातल्या माठाकडे बोट केलं. "पाणी पिऊन जाय," एवढंच बोलल्या.

सकाळी त्या ऑटोतून आल्या. वच्छलाबाईंनी वांग्यांचं पोतं सरकवून जागा केली. जागा कमीच पडली. मांडीला मांडी लागत होती, गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना दोघींचे हात एकमेकींना अडत होते. बोलणं फारसं झालं नाही.

दुपारी गर्दी ओसरली. नव्या स्लॅबखाली हवा कोंडली होती. कौशल्याबाईंची मान हळूहळू कलली आणि वच्छलाबाईंच्या खांद्यावर टेकली. वच्छलाबाईंनाही पाठ टेकायची होती, पण दोघींना पुरेल एवढी जागा नव्हती. त्या तशाच ताठ बसून राहिल्या आणि सुकत चाललेल्या सांबाराच्या जुड्यांवर हलक्या हातानं पाणी शिंपडत राहिल्या.