ह्यांचा चेहरा

आधी कपाळाला पांढरा रंग, मग गाल आणि शेवटी हनुवटी. हा क्रम आमच्या ह्यांचा. सारं आयुष्य हे लहान मुलांपुढे विदूषक होऊन उड्या मारत आले. शेवटी शेवटी हात थरथरायला लागला, तेव्हा त्यांचं तोंड मीच रंगवायचे. हे स्टुलावर डोळे मिटून बसायचे आणि तरी बडबड चालूच. मग मी हनुवटी धरून दटावायचे, "हलू नका हो, भुवई बिघडेल!" आता हे नाहीत. पण भुवई कुठे वळते ते माझ्या बोटांना अजून पाठ आहे.

म्हणून त्यांचं काम मी उचललं. शेजारीपाजारी म्हणाले, हिला म्हातारचळ लागलाय. लेक फोनवर म्हणाली, "आई, तुला काय कमी आहे म्हणून हे नसते उद्योग?" तिला काय सांगू, कपाळ! खरी गोष्ट अशी, की रंग पुरा झाला, लाल नाक चढवलं, की आरशात हे दिसतात. तीच कपाळात गेलेली भुवई, तेच या कानापासून त्या कानापर्यंतचं हसू. मी म्हणते, "अहो, आलात?" आणि घरातून निघेपर्यंत आम्ही दोघं असतो.

तुम्ही म्हणाल, मग घरीच रंगवून बसायचं, कुणी अडवलंय? तेही करून पाहिलं. कुठे जायचंच नसेल तर हे येत नाहीत. नुसती एक म्हातारी दिसते, तोंडाला पीठ फासलेली.

हे गेल्यावर बाकीची बोलावणी एकेक करून गळाली आणि एक बालवाडी उरली. तिथेही गेल्या महिन्यात घात झाला. मी दारातून आत शिरले मात्र, दोन शेंड्यांच्या एका चिमुरडीनं जे भोकाड पसरलं! एक रडलं की सगळी रडतात, सगळा वर्ग सुरू झाला. बाईंनी मला बाहेर नेलं.

"आजी, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "काकांचा चेहरा चांगला रुंद होता. तुमच्या एवढ्याशा तोंडावर ते हसू बसत नाही. आ वासल्यासारखं दिसतं."

राग कसा येणार नाही? चांगला आला. पण बाईंनी आणखी एक संधी दिली. म्हणाल्या, पुढच्या वेळी रंगवून येऊ नका, मुलांच्या समोरच रंगवा. आजीचा विदूषक होताना पाहिला की घाबरणार नाहीत. तरीही रडली, तर मात्र आपण जादूगाराला बोलावू.

जादूगाराला! ह्यांच्या जागी पत्ते पिसणारा माणूस! म्हटलं, बघतेच.

मग घरी तयारी. चार खुर्च्या मांडल्या, त्यांना पोरं समजायचं आणि बोलत बोलत रंगवायचं. "बघा हं, आता आजीचं कपाळ कुठे गेलं?" खुर्च्या काय बोलणार? ह्यांच्या बुटांत कागद कोंबून चालून पाहिलं, पडून पाहिलं. एकदा खरंच पडले, गुडघा सुजला, आणि "लागलं का गं?" म्हणायला घरात चिटपाखरू नव्हतं. तेव्हा फार एकटं वाटलं. तशीच उठले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

ठरल्या दिवशी मुलांसमोर पेटी उघडली आणि आरसा काढला, तर बाई धावत आल्या. "अहो आजी, काच नको! वर्गात काच चालत नाही आम्हाला."

"मग आरशाशिवाय काय डोंबल रंगवू?"

पण पोरं टकामका बघत होती. पांढरा रंग अंदाजानं थापला. मग ब्रश हनुवटीला टेकवून विचारलं, "भुवई इथे ना?"

"नाऽऽही!" सगळी ओरडली. "वर! वर!"

"इथे?" नाकावर टेकवला. पोरं हसून लोळायला लागली. मग काय, हा म्हणतो इकडे, ती म्हणते तिकडे, सांगतील तिथे मी रंगवत सुटले. दोन शेंड्यांची मात्र बाईंच्या पाठीमागूनच बघत होती. फक्त हसू काढायचं राहिलं, तेव्हा ती पुढे आली.

"मी काढते," म्हणाली. लाल रंगात बोट बुडवलं, आणि दुसऱ्या हातानं माझी हनुवटी घट्ट धरली. "हलू नको हं आजी."

मी डोळे मिटून घेतले. हे गेल्यापासून माझ्या तोंडाला कुणाचा हात लागला नव्हता. जरासुद्धा हलले नाही.

त्या दिवशी कुणीही रडलं नाही. मी पडले, उठले, टोपी हरवली, पोरांनी शोधून दिली. निघताना बाई म्हणाल्या, "आजी, दर महिन्याला या. अगदी असंच करायचं, मुलांच्याच हातून." मी मान डोलावली आणि रंगल्या तोंडानंच घरी आले. ह्यांना सांगायचं होतं ना.

आरशासमोर बसले. "अहो," म्हणाले, आणि मान वर करून पाहिलं. एक भुवई कपाळात, दुसरी गालावर, आणि मधोमध बटणाएवढं हसू. हे ध्यान मी जन्मात पाहिलं नव्हतं. ह्यांचा त्यात मागमूस नव्हता. आता दर महिन्याला असंच होणार. ह्यांची जागा मी राखली होती, पण हे काही आता यायचे नाहीत.

खूप रडले. रंग ओघळायला लागला तशी स्टुलावर डोळे मिटून, हनुवटी वर करून तशीच बसून राहिले. कुणी आलं नाही. मग उठले आणि आपलं तोंड आपणच धुतलं.