दुमडीची शिवण

तळ्याचा काठ दरवर्षी हातभर मागे सरत होता. यंदा तर नावाड्याच्या घराची मागची भिंतच पाण्यात गेली. नावाडी म्हणजे शिवणकाम करणाऱ्या वहिनींचा धाकटा दीर. त्याच्यामुळे सगळी वस्तीच त्यांना वहिनी म्हणायची.

भिंत पडली त्याच आठवड्यात शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी सगळ्यांना काठावर गोळा केलं.

"होड्या लावायला जागा हवी म्हणून लव्हाळी आपणच उपटली. मुळं गेली, माती सुटली. आता पुन्हा लावायची, तर लाटा रोपं टिकू देत नाहीत. तागाच्या लांब पिशव्या मातीने भरून पाण्यात आडव्या टाकल्या, तर त्यांच्या आडोशाला रोपं धरतील. पण त्या शिवणार कोण?"

सगळ्यांच्या नजरा वहिनींकडे वळल्या.

"असं काय बघताय? शिवते की!" वहिनी म्हणाल्या.

बोलणं सोपं होतं. तागाच्या जाड कापडाने मशीनच्या तीन सुया मोडल्या. मग वहिनींनी दाभण आणि सुतळी घेतली. बोटांना घट्टे पडले, पण वीस हात लांब पिशवी तयार झाली. दहा जणांनी ती भरून पाण्यात उतरवली आणि सगळ्यांदेखत ती टराटरा उसवली. पाणी गढूळ झालं, माती वाहून गेली.

"वहिनी, माशांना कपडे शिवलेत वाटतं!" दीर हसला. बाकीचेही हसले.

वहिनींचे कान तापले. पण त्या घरी गेल्या नाहीत. साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि फाटलेली कड बोटांनी चाचपू लागल्या. सुतळी जशीच्या तशी होती. टाका तुटलाच नव्हता, कापडाचेच धागे सुटले होते.

"चूक माझी. कड दुमडायला हवी होती," त्या बाहेर येत म्हणाल्या. "उद्यापासून ज्याला हसायचंय त्याने दाभण घेऊन यावं."

दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी दीर हजर झाला, खाली मान घालून. त्याच्यामागून बायका आल्या, न्हावी आला, पोस्टातले काका आले. महिनाभर सगळ्यांनी दुमड घालून दुहेरी टीप मारली. चाळीस पिशव्या काठाला लागल्या, त्यांच्या आड रोपं लागली.

मग तीन दिवस वादळी वारा सुटला. पिशव्या फुगल्या, खचल्या, पण उसवली एकही नाही. काठ जागच्या जागी राहिला. पुढे लव्हाळी कमरेएवढी झाली आणि तिच्यात माशांची पिल्लं दिसू लागली.

पाणी खात्याचे साहेब पाहणीला आले. काठावरून चालताना त्यांनी विचारलं, "हे काम कुठल्या इंजिनिअरने केलं?"

दीर छाती काढून पुढे झाला. "इंजिनिअर कशाला हवाय? आमच्या वहिनी आहेत ना!"

वहिनी लाजल्या नाहीत की 'माझं कसलं त्यात' म्हणाल्या नाहीत. घट्टे पडलेला हात पुढे करत म्हणाल्या, "या साहेब, इकडून बघा. इकडून शिवण नीट दिसते."