ऊन दाखवायचा इलाज

"खाजेसाठी कायले पाह्यजे डॉक्टर? चार दिवसांत पळवते, पाह्य," असं विमलताईनं सुनेला ठणकावून सांगितलं. मग जखमा धुवायचं औषध बादलीत ओतून ती दिवसातून तीनदा खालची जागा आतून-बाहेरून धुऊ लागली. चौथ्या दिवशी तिला खुर्चीवर बसवेना. आणि पुढच्या शनिवारी तर बचत गटाच्या मेळाव्यात अध्यक्ष म्हणून दोन तास स्टेजवर बसायचं होतं.

सून निकितानं तिला मारेगावच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तपासलं.

"बुरशी झालीय. त्या औषधानं आणखी चिडली. ते बंद, वासाचा साबणही बंद. बाहेरून साधं पाणी, आतून काहीच नाही. ही गोळी आत ठेवायची आहे, गिळायची नाही. चड्ड्या कुठं वाळवता?"

"न्हाणीत, टावेलाखाली. घरात गडीमानसं राह्यते ना."

"मग त्या ओल्याच राहतात, बुरशीला तेच हवं. सुती वापरा, उन्हात वाळवा."

"वावरात कापूस, अन् आई, तुमच्या चड्ड्या नायलॉनच्या," निकिता म्हणाली.

शुक्रवारपर्यंत खाज गेली. विमलताईला इतका आनंद झाला की शनिवारी सकाळी तिनं सहा नव्या सुती चड्ड्या गच्चीवर ओळीनं वाळत घातल्या आणि रस्त्यावरच्या बायांना वरूनच सांगितलं, "लपवू नका वं, ऊन दाखवा."

मेळाव्यात ती दोन तास जागची हलली नाही. आभार मानणं चालू असताना माकडांची टोळी मंडपाच्या बांबूंवर येऊन बसली. त्यांतल्या सहा जणांकडे एकेक चड्डी होती.