खाणीवरचा गरुड

किल्लीवाल्याला आभाळात एकच पक्षी ओळखता यायचा, तो म्हणजे घार. उंच उडणारं, तपकिरी दिसणारं काहीही दिसलं की तो घार म्हणायचा आणि मोकळा व्हायचा. त्याचाही काही दोष नव्हता. जिन्याखालच्या दुकानात बसून आयुष्यभर त्याने किल्लीच्या खाचांवर कानस फिरवली होती. वीतभर अंतराच्या पलीकडे बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

बायकोचं उलटं होतं. ती पाणीपट्टीच्या खिडकीवर बसायची, लोकांच्या तक्रारी ऐकायची आणि रविवारची वाट बघायची. रविवारी सकाळी तो स्कूटर काढायचा, ती गळ्यात दुर्बीण अडकवून मागे बसायची आणि दोघं गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीवर जायचे. तिला शिकारी पक्ष्यांचं वेड होतं. चिमण्या-पोपट ती बघायचीसुद्धा नाही.

"अहो, त्या खांबावर काय बसलंय?"

"घार."

"तुमची सगळ्यांनाच घार. उद्या विमान गेलं तरी घार म्हणाल."

"विमान आवाज करतं."

"म्हणजे आवाज नसता केला तर म्हणाला असतात."

खाणीवर येणारी आणखी पाच-सहा मंडळी होती. दातांचे डॉक्टर त्यांचे म्होरके. बायकोची धाकटी बहीणही अधूनमधून यायची. मंडळींचा एक नियम होता. नेहमीचा पक्षी असेल तर कुणाचाही शब्द चालेल. दुर्मीळ असेल तर तो दोघांनी बघायला हवा, आणि दुसऱ्याला बाजूला घेऊन, पहिल्याने काही सांगण्याआधी विचारायचं. हा नियम डॉक्टरांनी काढला तेव्हा सगळ्यात जोरात मान हलवली होती ती तिनेच.

गेल्या थंडीत एका सकाळी खाणीवर एक गडद पक्षी घिरट्या घालत होता. तोवर तिथे हे दोघंच पोचले होते. ती बराच वेळ दुर्बिणीला डोळे लावून बसली. मग बसल्या जागेवरून एकदम अर्धी उठली, तसा किल्लीवाला घाबरला.

"काय झालं?"

"काही नाही. नीट बघा. आणि मला काही सांगू नका, डॉक्टरांना सांगा."

तिने दुर्बीण त्याच्या हातात दिली. त्याने बघितलं. ऊन डोळ्यांवर येत होतं. पक्षी होता, उडत होता, त्याचा डावा पाय खाली लोंबत होता. मग तो कड्यामागे गेला.

थोड्या वेळाने डॉक्टर आले, त्याला खडीच्या ढिगामागे घेऊन गेले.

"काय दिसलं, किल्लीवाले?"

"घार."

"आणखी काही?"

"एक पाय लोंबत होता."

"आणि शेपूट?"

"होती की."

डॉक्टरांनी हसू दाबलं. इकडे तिने सांगितलं होतं, छोटा गरुड, थंडीत पाहुणा येणारा, घारीएवढाच. घारीच्या शेपटीला मध्ये खाच असते. याची शेपूट सरळ कापल्यासारखी होती. डॉक्टरांनी तिला विचारलं, "खांद्यांवरचे दोन पांढरे ठिपके दिसले? या गरुडाला असतात, गाडीच्या दिव्यांसारखे."

"उन्हामुळे नाही दिसले."

"वहिनी, पिसं झडलेली घार असेल तर? कडेची पिसं गळली की खाच दिसत नाही. भलेभले फसतात."

"मला घार कळत नाही होय?" ती म्हणाली. पण नियम तो नियम, गरुड काही नोंदला गेला नाही.

परतल्यावर घराचं कुलूप उघडताना ती पुटपुटली, "शेपूट होती म्हणे." मग स्वतःच हसली. पुढे कित्येक दिवस, भाजी खारट झाली किंवा नळ गळायला लागला की ती तेच म्हणायची, "शेपूट होती म्हणे." तो ऐकून घ्यायचा. तिचा गरुड त्याने घालवला होता, एवढं त्याला कळत होतं.

उन्हाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या तेव्हा उशीर झाला होता. दवाखान्यात, बोलण्याची ताकद होती तोवर, एकदा तिने त्याला जवळ बोलावलं. त्याला वाटलं, आता काहीतरी निरवानिरवीचं बोलेल.

"हे गरुड थंडीत परत येतात," ती म्हणाली. "या वेळी तरी शेपूट बघा."

थंडी येण्याआधीच ती गेली.

तिच्या माघारी मंडळींनी खाणीच्या तोंडाशी एक पत्र्याचा फलक लावला. इथे दिसणारे शिकारी पक्षी, आणि प्रत्येकापुढे तो पहिल्यांदा बघणाऱ्याचं नाव. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं. सगळ्यात वर 'घार' आणि तिच्यापुढे 'सर्वांनी', कारण घार पहिल्यांदा कुणी बघितली हे कोण सांगणार. सगळ्यात खाली एक ओळ आखून रिकामी ठेवली होती.

"ती वहिनींची," डॉक्टर म्हणाले. "तो गरुड तुम्हाला दिसू दे. तुमचा शब्द मला पुरे. थंडी संपायच्या आत पेंटरला बोलावू."

मेहुणीने त्याला नंतर गाठलं. "भाऊजी, तुम्ही नुसतं हो म्हणा. डॉक्टर तुमच्या तोंडाकडे बघत बसलेत."

"दिसला की म्हणतो."

"आणि नाही दिसला तर?"

तो शिकायला लागला. सुरुवात कचरा डेपोपासून केली, कारण तिथे घारी ढिगाने असतात. घारीने शेपूट पसरली की खाच नाहीशी होते, मिटली की पुन्हा दिसते, हे त्याला तिथेच कळलं. मग हवेत एका जागी पंख फडफडवत थांबणारी पांढुरकी कापशी कळली. कबुतरांच्या थव्यात घुसणारा शिकरा कळला. एकदा तारेवर बसलेला पक्षी बघून तो "तिसा" म्हणाला, आणि बरोबर निघालं. सांगायला वळला, तर स्कूटरची मागची सीट रिकामी. त्यानंतर ओळखलं तरी तो तोंडातल्या तोंडातच ठेवायचा.

पेंटर यायच्या आधीचा रविवार. डॉक्टर आणि मेहुणी मागून येणार होते. किल्लीवाला खाणीच्या काठावर बसला होता, आणि खालून, त्याच्या पायांखालून, एक गडद पक्षी वर आला. डावा पाय लोंबलेला.

दुर्बीण लावायचीही गरज नव्हती, तरी त्याने लावली. पायाची बोटं वळून त्यांची गाठ झाली होती. खांदे साफ तपकिरी. पांढरा ठिपका औषधालाही नव्हता. पक्ष्याने वळण घेतलं, शेपूट मिटली. मध्ये खाच होती. नव्या, अखंड पिसांची, कानशीने काढल्यासारखी स्वच्छ खाच. मग पक्षी ओरडला. त्या लांब, कापऱ्या शिट्टीचा आवाज त्याने कचरा डेपोवर रोज ऐकला होता.

दुसरा असेल, असं त्याने मनाला समजावून बघितलं. तोच डावा पाय, तीच खाण. मन ऐकेना. म्हणजे गेल्या वर्षी पिसं झडली होती. म्हणजे तो स्वतः, काहीएक कळत नसताना, बरोबर बोलला होता. आणि ती चुकली होती. हे ऐकून ती चिडली असती, मग दोन दिवसांनी हसली असती. आता नुसती चुकलेलीच राहिली.

मागून पावलं वाजली. मेहुणी लांबच थांबली. नियमाप्रमाणे डॉक्टर त्याला खडीच्या ढिगामागे घेऊन गेले.

"काय दिसलं, किल्लीवाले?"

सगळी उत्तरं त्याला पाठ होती. शेपूट सरळ, खांद्यांवर दोन पांढरे ठिपके. नुसतं तोंड उघडायचं होतं. तिच्या नावाची अक्षरं त्याला फलकावर दिसायलाही लागली. पण हा नियम तिने उचलून धरला होता.

"घार," तो म्हणाला.

"नीट बघितलीत?"

"डावा पाय लोंबतोय. शेपटीला खाच आहे."

डॉक्टरांनी बुटाने थोडी खडी ढकलली. "म्हणजे तेव्हाचीच."

"तेव्हाचीच."

मेहुणी जवळ आली. "काय सांगितलंत?"

त्याने सांगितलं. "एवढं एकच काम होतं, भाऊजी," ती म्हणाली, आणि गाडीकडे चालायला लागली. त्यानंतर ती घरी आली नाही. त्यानेही बोलावलं नाही.

पेंटरने रिकामी ओळ हिरव्या रंगाने बुजवली. रंग जुन्याशी जुळला नाही. तिथे एक गडद पट्टा उठून दिसतो.

किल्लीवाला अजून रविवारी जातो. स्कूटर दुसरीकडे कुठे न्यायची ते त्याला सुचत नाही. लोंबत्या पायाची घार तिथेच असते. एकदा, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, त्याने तिच्याकडे मान वर केली आणि हळूच "गरुड" म्हणून बघितलं. जमलं नाही. शेपटीतली खाच आता त्याला दुर्बिणीशिवाय दिसत होती.