सही केलेले कोरे कागद

परिपाठ संपता संपता संस्थेच्या अध्यक्षांनी कुंदन सरांच्या गळ्यात हार घातला आणि नवे मुख्याध्यापक म्हणून त्यांचं नाव पुकारलं. इफ्फत मॅडमनी सवयीनं टाळ्या वाजवल्या, मग हात जागच्या जागी थांबले. अहो, सेवाज्येष्ठता यादीत पहिलं नाव त्यांचं! चोवीस वर्षं नोकरी झालेली. कुंदन सर सहा वर्षांनी मागे.

त्या तडक ऑफिसात गेल्या. अध्यक्ष पेढा खात बसले होते.

"तुम्हीच तर लेखी नकार दिलात, मॅडम," म्हणत त्यांनी फाईल पुढे सरकवली.

'घरगुती अडचणीमुळे मला मुख्याध्यापकपद नको.' खाली सही. त्यांचीच, तसूभरही फरक नाही! असं पत्र आपण लिहिलं आणि विसरलो? वेडबिड लागलं की काय आपल्याला?

"बाईमाणसाला कशाला हो ती दगदग," अध्यक्ष मायेनं म्हणाले. "पेढा घ्या."

त्यांनी पुन्हा वाचलं. सही त्यांची, पण वरचं अक्षर कारकून भिलाचं. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. शाळेतल्या सगळ्या बाया भिलाच्या ड्रॉवरात सही केलेले कोरे कागद ठेवून द्यायच्या. लेकरू तापलं, शहाद्याची बस चुकली, की फोन करायचा. भिला वर रजेचा अर्ज लिहायचा, आणि कारण ठरलेलं, घरगुती अडचण. पुरुषांना असले कागद ठेवायची वेळच येत नसे. त्यांची तापलेली लेकरं सांभाळायला घरी बायका होत्या ना!

"भिला, अरे मन्हा रजाना कागद व्हता तो!"

कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या भिलानं मान खाली घातली. "अध्यक्षसनी सांगं, मी लिखं, बाई. माले बी नोकरी शे ना."

मॅडमनी त्याच्या टेबलाचा ड्रॉवर ओढला. त्यांचे तीन कागद अजून कोरेच होते. खाली काजल मॅडमचे पाच. त्यातला एक मात्र भरलेला होता. 'घरगुती अडचणीमुळे मला पर्यवेक्षकपद नको.' आता बोला! ते पद तर जूनमध्ये रिकामं होणार होतं, आणि पाळी काजलचीच होती. नुसती तारीख घालायची राहिली होती.

त्यांनी दारात जाऊन काजलला हाक मारली आणि तो कागद तिच्या हातात दिला. तिनं वाचला, पुन्हा वाचला. "मॅडम, ही सही तर माझीच आहे," ती म्हणाली.

इफ्फत मॅडम अध्यक्षांच्या समोरची खुर्ची ओढून बसल्या. पेढ्यांचा खोका त्यांनी बाजूला सारला, आपल्या तिनातला एक कागद पुढे घेतला आणि सहीच्या वरच्या कोऱ्या जागेत लिहायला लागल्या. 'शिक्षणाधिकारी साहेबांस, मी नकार दिलेला नाही. हे पद माझं आहे.'

"अहो मॅडम, घरी तरी विचारा आधी," अध्यक्ष गडबडले.

"भिला, यानी पोच दे," कागद त्याच्यापुढे धरत मॅडम म्हणाल्या. सही खाली होतीच.